कॅनडातील बिझनेसचे शिक्षण : ताका उलगडल्याशिवाय सौदा नको

कापडाच्या धंद्यात नमुना पाहून सौदा ठरतो, पण माल उतरवून घेताना ताका उलगडला जातो. पन्ना मोजतात, वजन घेतात, सूत कोणत्या काउंटचे हे विचारतात, आणि शंका आली तर इंचाला किती पीक पडले तेही भिंग लावून पाहतात. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, न मोजता माल घेणारा व्यापारी बाजारात फार दिवस टिकत नाही. पण हाच व्यापारी मुलाच्या शिक्षणासाठी चाळीस-पन्नास लाखांचा सौदा करताना एजंटाच्या चकचकीत पत्रकावरचे मेपलचे पान पाहून सही करतो, हे आम्ही गेली काही वर्षे आमच्या गादीवर बसून पाहत आहोत. "मुलगा कॅनडात बिझनेस करतोय," असे बाप अभिमानाने सांगतो. कोणत्या शहरात, कोणत्या संस्थेत, शेवटी कागद कोणता मिळणार, असे विचारले की मुलाला फोन लावावा लागतो.

आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि तिजारत आम्ही वडिलांच्या शेजारी बसून शिकलो. तरीही परदेशात जाऊन व्यापाराचे शास्त्र शिकणे ही वाईट गोष्ट आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उलट आमच्या बिरादरीत ते फार कमी झाले आहे. प्रश्न एवढाच, की आपण नेमका कोणता माल विकत घेतो आहोत?

बाजार पालटला आहे

ज्यांनी २०२१-२२ साली मुलगा पाठवला त्यांच्या अनुभवावर आज कोणी जाऊ नये. २०२३ सालाच्या अखेरीस कॅनडात दहा लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थी परवान्यावर होते आणि त्यांत सर्वात मोठा वाटा भारतीयांचा होता. शहरांत घरे मिळेनात, भाडी भडकली, लोक ओरडू लागले. अखेर २२ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या सरकारने मर्यादा जाहीर केली. त्या वर्षी सुमारे ३ लाख ६० हजार नवे परवाने, म्हणजे २०२३ पेक्षा ३५ टक्क्यांनी कमी. पुढे ही मर्यादा आणखी आवळली गेली, आणि २०२६ सालासाठी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट १ लाख ५५ हजारांवर आणले गेले. प्रत्येक प्रांताला कोटा ठरवून दिला. संस्थेच्या प्रवेशपत्राबरोबर प्रांताचे अनुमतिपत्रही जोडावे लागते. सरकारी विद्यापीठांत मास्टर्स किंवा पीएच.डी.ला जाणाऱ्यांना मात्र १ जानेवारी २०२६ पासून या पत्रातून सूट आहे.

त्यातच खोट्या प्रवेशपत्रांचे प्रकरण झाले. २०२३ साली पंजाबातील शेकडो मुलांची नावे त्यात आली. मुले वर्ष-दोन वर्षे तिथे राहून शिकली आणि नंतर कळले की एजंटाने दिलेले पहिले पत्रच बनावट होते. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक पत्र संबंधित संस्थेकडून पडताळून घेतले जाते. रॉयटर्स वृत्तसंस्थेने कॅनडा सरकारच्या आकड्यांवरून दिलेल्या बातमीप्रमाणे ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीयांच्या दर शंभर अर्जांतले सुमारे ७४ अर्ज नाकारले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये हे प्रमाण ३२ होते. नोव्हेंबर २०२४ पर्यंत भारतीयांसाठी जी जलद रांग होती, 'स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम' नावाची, तीही बंद झाली आहे. अजूनही कोणी एजंट त्या रांगेच्या नावाने पैसे मागत असेल, तर समजून घ्यावे.

एक लेबल, तीन माल

गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. आपल्याकडे कॉलेज हे विद्यापीठाला जोडलेले असते. मुलगा कॉलेजात शिकतो आणि पदवी मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची घेतो. कॅनडात तसे नाही. तिथे कॉलेज वेगळे आणि विद्यापीठ वेगळे. कॉलेज बहुतेक करून वर्षा-दोन वर्षांचे डिप्लोमे आणि सर्टिफिकेटे देते. आपल्या आय.टी.आय. आणि पॉलिटेक्निकच्या जवळची ती चीज आहे. हाताचे काम शिकायला त्यांतली कित्येक कॉलेजे उत्तम आहेत. पण एजंट जेव्हा "कॅनडात बिझनेस" म्हणतो तेव्हा तो बहुधा कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा विकत असतो, आणि बापाच्या डोळ्यांपुढे मात्र विद्यापीठ असते.

या डिप्लोम्याची फी वर्षाला साधारण पंधरा ते वीस हजार कॅनेडियन डॉलर. विद्यापीठापेक्षा स्वस्त, म्हणून तो खपला. शिक्षण संपल्यावर मिळणारा कामाचा परवाना हे त्याचे खरे आकर्षण होते, अभ्यासक्रम कोणी पाहतच नव्हते. आता हेच आकर्षण गेले आहे. १ नोव्हेंबर २०२४ नंतर अर्ज केलेल्या मुलाने डिप्लोमा घेतला, तर सरकारच्या यादीतील विषय असेल तरच त्याला पुढे कामाचा परवाना मिळतो. त्या यादीत आरोग्य, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकामासारखी कारागिरी, वाहतूक असे विषय आहेत. सर्वसाधारण बिझनेस, मार्केटिंग, मॅनेजमेंटच्या डिप्लोम्याला त्यात जागा नाही. विद्यापीठाच्या बॅचलर आणि मास्टर्स पदवीला विषयाची ही अट नाही. म्हणजे जो माल सर्वांत जास्त खपवला गेला, त्याच मालाचा भाव एका रात्रीत उतरला. ही एक गोष्ट वाचकांनी घरी जाऊन सांगितली तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

त्याहून वाईट प्रकार होता तो दुसऱ्याच्या मार्क्याचा. सरकारी कॉलेज आपला अभ्यासक्रम एखाद्या खाजगी कॉलेजला चालवायला द्यायचे, आणि हे खाजगी कॉलेज टोरांटोच्या आसपास दुकानांच्या वर दोन-चार खोल्या घेऊन चालायचे. अशा ठिकाणी १५ मे २०२४ पासून नव्याने दाखल होणाऱ्यांना पुढचा कामाचा परवाना मिळत नाही. मर्यादा आल्यावर ओंटारिओतल्या अनेक कॉलेजांनी २०२४ आणि २०२५ मध्ये अभ्यासक्रमच बंद केले. मुलगा जिथे जाणार तो कोर्स दोन वर्षे चालू तरी राहील का, हेही आता विचारावे लागते. पूर्वी मुले एका संस्थेच्या पत्रावर जाऊन दुसरीकडे दाखल होत असत. तेही आता नव्या परवान्याशिवाय करता येत नाही.

दुसरा माल म्हणजे विद्यापीठाची चार वर्षांची पदवी, बी.कॉम. किंवा बी.बी.ए. बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी ही. तिसरा माल एम.बी.ए. किंवा वित्त, व्यवस्थापन वगैरे विषयांतली मास्टर्स. टोरांटो विद्यापीठाची रॉटमन, यॉर्क विद्यापीठाची शुलिक, लंडन नावाच्या ओंटारिओतल्या गावी वेस्टर्न विद्यापीठाची आयव्ही, किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाची स्मिथ, मॉन्ट्रियलच्या मॅकगिलची डेसोटेल्स, व्हँकुव्हरची सॉडर ही त्यांतली नामवंत नावे. मॉन्ट्रियलचीच एच.ई.सी. १९०७ सालची, कॅनडातील सर्वात जुनी, पण तिथे शिक्षण मुख्यतः फ्रेंचमध्ये चालते.

जाता जाता एक सांगतो. यांतली बरीच नावे दानशूर व्यापाऱ्यांची आहेत. सेमूर शुलिक यांनी १९९५ साली यॉर्क विद्यापीठाला दीड कोटी डॉलर दिले, म्हणून त्यांचे नाव लागले. मॅकगिलला मार्सेल डेसोटेल्स यांनी २००५ साली २ कोटी २० लाख डॉलर दिले. आपल्याकडे हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाने तंत्रशिक्षण उभे राहिले, अकबर पीरभॉय यांच्या नावाने वाणिज्य महाविद्यालय चालते. त्या पिढीनंतर आमच्या यंत्रमागाच्या गावांतून शादीहॉल पुष्कळ उभे राहिले. असो.

वर्गात शिकवतात तरी काय

'केस' ही या शिक्षणाची कणा असलेली पद्धत आहे, आणि आयव्ही त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. एखाद्या खऱ्या कंपनीपुढे आलेली अडचण दहा-पंधरा पानांत लिहून देतात. समजा, एका कपडे बनवणाऱ्या कंपनीचा मोठा गिऱ्हाईक नव्वद दिवसांऐवजी एकशेवीस दिवसांची उधारी मागतो. दिली तर खेळते भांडवल अडकते, नाही दिली तर गिऱ्हाईक जाते. आकडे सगळे दिलेले असतात, उत्तर दिलेले नसते. मुलांनी रात्री वाचून यायचे, सकाळी वर्गात एकाने उभे राहून सांगायचे की मी मालक असतो तर काय केले असते, आणि बाकीच्यांनी त्याला आकड्यांनिशी पकडायचे. वर्गात तोंड उघडण्याला गुण असतात. गप्प बसणारा मुलगा, मग तो पेपरात कितीही हुशार असो, मागे पडतो.

वाचक म्हणतील, हे तर आम्ही रोज करतो. खरे आहे. पार्टीला उधारी किती द्यायची, हे आमच्या बाजारातला चौथी शिकलेला दलालसुद्धा अचूक सांगतो. पण तो का सांगतो, हे त्याला लिहून देता येत नाही, आणि म्हणून ते त्याच्याबरोबरच जाते. वर्गात तेच कागदावर मांडायला लावतात. उधारीचा एक महिना वाढला तर मीटरमागे किती पैसे पडले, हे काढायला शिकवतात.

खर्च काढण्याच्या शास्त्राबद्दल तर आम्हाला आवर्जून सांगावेसे वाटते. आमच्याकडे लूमवाला हिशेब करतो तो सुताचा, सायझिंगचा, मजुरीचा आणि विजेचा. मीटरला चोवीस रुपये पडले, पंचवीसला विकले, रुपया सुटला. पण शेड स्वतःची आहे म्हणून तिचे भाडे तो धरत नाही. लूम झिजते, त्याचे काही धरत नाही. मुलगा आणि भाऊ दिवसभर राबतात, त्यांचा पगार धरत नाही. मंदीत महिनाभर लूम बंद राहिली तर त्या महिन्याचा खर्च चालू महिन्यांवर वाटत नाही. हे सगळे धरले तर तो रुपया कुठे जातो, हे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा अर्ध्या तासात दाखवू शकतो. किती पेढ्या अशा रुपयाच्या नफ्यावर वर्षानुवर्षे चालून शेवटी भंगाराच्या भावाने लूम विकून मोकळ्या झाल्या, ते या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

'को-ऑप' ही दुसरी चांगली गोष्ट आहे. चार महिने वर्ग आणि चार महिने कंपनीत पगारी काम, असे आलटूनपालटून. वॉटरलू विद्यापीठ १९५७ साली सुरू झाले तेव्हापासून ही पद्धत तिथे आहे. हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठाच्या बी.कॉम.मध्येही को-ऑप आहे. म्हणजे एक प्रकारे उस्तादाकडे शागिर्दी. पण काम विद्यापीठ हातात आणून देत नाही, मुलाने अर्ज करून, मुलाखत देऊन मिळवायचे असते. ज्या मुलाने इथे कधी अनोळखी माणसाशी दोन वाक्ये इंग्रजीत बोलली नाहीत, त्याची तिथे फार ओढाताण होते. आमच्या उर्दू शाळांच्या मुलांना गणित जड जात नाही, बोलणे जड जाते. त्याची तयारी इथेच, दोन वर्षे आधी व्हायला हवी. बारावीच्या निकालानंतर लावलेल्या दोन महिन्यांच्या क्लासने भागत नाही. पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यासाठीही विद्यापीठाच्या मुलाला भाषेची परीक्षा द्यावी लागते. आय.ई.एल.टी.एस.च्या जनरल परीक्षेत चारही भागांत प्रत्येकी सहा, एवढी ती पातळी आहे.

मॅकगिलचेच एक नामांकित प्राध्यापक हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ साली एम.बी.ए.च्या शिक्षणावर टीका करणारे पुस्तक लिहिले, 'मॅनेजर्स नॉट एमबीएज' या नावाचे. ज्याने कधी माणसे सांभाळली नाहीत त्याला वर्गात बसवून व्यवस्थापक करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटते. मुलगा दोन-तीन वर्षे पेढीवर बसलेला असेल, वसुलीला फिरलेला असेल, कारागिरांशी मजुरीची बोलणी केलेला असेल, तर तिथल्या केसमध्ये त्याला अर्थ दिसेल. बहुतेक एम.बी.ए. अभ्यासक्रमांना कामाचा अनुभव लागतोही.

कापडवाल्याच्या मुलाने मॉन्ट्रियलला जावे, असे आम्हाला आणखी एका कारणाने वाटते. ते एके काळचे कॅनडातील कापडाचे शहर. डोमिनियन टेक्स्टाईल ही १९०५ सालची कंपनी, क्वेबेक प्रांतात तिच्या मोठमोठ्या गिरण्या. १९९७ साली ती अमेरिकन कंपनीच्या हाती गेली. शाबानेल नावाच्या रस्त्यावर तयार कपड्यांच्या कारखान्यांच्या उंच इमारती होत्या. जागतिक कोट्याची पद्धत १ जानेवारी २००५ रोजी संपली आणि बाहेरचा माल आला, तशी शिवणयंत्रे थांबली. मुंबईच्या गिरणगावाची आठवण यावी असे हे आहे, कारणे वेगळी असली तरी. त्याच शहरात १९८४ साली निघालेली गिल्डन ही टी-शर्टची कंपनी मात्र जगात मोठी झाली. तिने कचेरी मॉन्ट्रियलमध्ये ठेवली आणि कारखाने मध्य अमेरिका, कॅरिबियन आणि बांगलादेशात नेले. एकाच गावात एक बुडाला आणि एक तरला, यातून आमच्या मुलांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या बाजारावरही तो प्रसंग आलेला आहे.

दुकानाचे कागद

परवान्याचे अर्ज अडतात ते बहुधा मुलाच्या गुणांवर नव्हे. बापाच्या कागदांवर अडतात, आणि इथे आमच्या व्यापारी बांधवांनी नीट लक्ष द्यावे.

व्हिसाचा अधिकारी विचारतो, पैसा आला कुठून? आमच्या बाजारात मोठा व्यवहार अजून कच्च्या चिठ्ठीवर चालतो. घर चांगले, गाडी दारात, पण आयकराच्या विवरणपत्रात उत्पन्न दाखवलेले सहा लाख. आणि अर्जाच्या आधी पंधरा दिवस खात्यात अचानक पस्तीस लाख जमा. साला, मामा, भागीदार, सगळ्यांनी थोडे थोडे टाकलेले. अधिकाऱ्याला हे दिसते तेव्हा तो नकार लिहून मोकळा होतो. पैसा हलाल कमाईचा असला तरी कागद तसे बोलत नाही. तीन वर्षांची विवरणपत्रे, जी.एस.टी.ची रिटर्न, बँकेचा उतारा, विकलेल्या लूमचे किंवा प्लॉटचे पक्के कागद, हे एकमेकांशी जुळले पाहिजेत.

मुलाच्या अनुभवाचेही तसेच. तो चार वर्षे पेढीवर बसला हे सगळा बाजार जाणतो, पण विद्यापीठाला ते कसे कळणार? त्याला पगार बँकेतून दिला होता का, त्याचे नाव कुठल्या हजेरीत आहे का, हे ते पाहतात. शिफारसपत्र वडिलांचे किंवा चाचांचे चालत नाही. सी.ए., बँकेचा मॅनेजर, किंवा ज्या गिरणीकडून सूत घेतो तिथला अधिकारी, अशा बाहेरच्या माणसाचे चांगले. मुलगा पुढे कधी जाईल असे मनात असेल तर आजच त्याला पगारपत्रकावर घ्यावे.

नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेऊन मुलगा पाठवण्याची रीत आमच्यात आहे, आणि ती चांगली आहे. पण ते कर्ज तोंडी असते. कुरआनातील सर्वात लांब आयत, सूरह बकरहमधील २८२ वी, कर्ज लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते, आणि लिहीत कोणीच नाही. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेले, बँकेतून दिलेले कर्ज अधिकाऱ्यालाही दाखवता येते आणि दहा वर्षांनी भावाभावांत भांडणही होत नाही.

रुपयांत किती

कॅनडाच्या सांख्यिकी खात्याप्रमाणे २०२४-२५ मध्ये परदेशी विद्यार्थ्याची पदवीची सरासरी फी वर्षाला सुमारे ४० हजार डॉलर होती. तिथल्या मुलाला तीच पदवी साडेसात हजारांच्या आत पडते. मोठ्या विद्यापीठांत बिझनेसची फी सरासरीपेक्षा बरीच वर जाते. न्यूफाउंडलंडचे मेमोरियल विद्यापीठ स्वस्त म्हणून ओळखले जाते, तरी २०२२ पासून तिथेही वाढ झाली. राहण्या-खाण्याचे म्हणून एकट्या विद्यार्थ्याने वर्षाचे २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, हा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा आकडा आहे. २०२३ पर्यंत दहा हजारांत काम होत असे. फी आणि विमानभाडे यापेक्षा वेगळे.

चार वर्षांची बेरीज करा. फी १ लाख ६० हजार, राहणे सुमारे ९२ हजार, मिळून अडीच लाख डॉलर. डॉलर साठ रुपयांचा धरला तरी दीड कोटी झाले. एवढ्या पैशात भिवंडीत काय उभे राहते, ते वाचकांनी मनातच मोजावे. नामवंत एम.बी.ए.ची फीच लाख डॉलरच्या वर जाते, पण मुदत दीड-दोन वर्षांची आणि पुढे तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळू शकतो. म्हणून आमच्या मते बी.कॉम. इथे करावे, दोन-तीन वर्षे पेढीवर काढावीत, आणि मग मास्टर्ससाठी पाठवावे. तीन वर्षांचे बी.कॉम. काही विद्यापीठे मानतात, काही चार वर्षांची पदवी मागतात. हे आधी लेखी विचारून घ्यावे.

"मुलगा तिथे काम करून फी काढेल" हे वाक्य एजंटाच्या तोंडी हमखास असते. शिकता शिकता बाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते. ओंटारिओत किमान वेतन तासाला सतरा डॉलरच्या थोडे वर. म्हणजे आठवड्याला चारशे डॉलर. त्यात खोलीचे भाडे आणि जेवण निघेल, फी निघणार नाही. लग्न लावून सुनेलाही पाठवायचे आणि ती कमावेल, हाही हिशेब काही घरांत मांडतात. २१ जानेवारी २०२५ पासून हा परवाना १६ महिने किंवा त्याहून मोठ्या मास्टर्सच्या, पीएच.डी.च्या आणि काही ठराविक व्यावसायिक पदव्यांच्या विद्यार्थ्यांच्याच जोडीदाराला मिळतो.

बँकेच्या शैक्षणिक कर्जावर व्याज आहे, म्हणून आमचे बरेच लोक त्यापासून दूर राहतात. केंद्राची 'पढो परदेश' योजना अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जाचे व्याज शिक्षण चालू असेपर्यंत भरत असे. ती २०२२-२३ पासून बंद झाली. राज्याच्या मौलाना आझाद महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिची चौकशी जिल्हा कचेरीत करावी. राहण्याच्या खर्चाचा पुरावा म्हणून कॅनडातील बँकेत जी ठेव ठेवतात, जी.आय.सी. नावाची, ती मुलाला हप्त्याहप्त्याने परत मिळते आणि तिच्यावर काही व्याजही येते. त्याचे काय करायचे, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पैसे इथून बँकेमार्फतच पाठवावेत. वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. हवाल्याने पाठवलेल्या फीचा पुरावा कुठेच दाखवता येत नाही.

हलाल जेवण आणि नमाजेची काळजी आया विचारतात. त्याबाबत फार घाबरू नये. २०२१ च्या जनगणनेत कॅनडात सुमारे १८ लाख मुस्लिम होते, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास पाच टक्के. एडमंटनची अल रशीद मशीद तर १९३८ सालची आहे. काळजी करायचीच तर थंडीची आणि एकटेपणाची करावी.

आता एजंटाविषयी. विद्यार्थी दाखल केला की कॉलेज एजंटाला फीतून कमिशन देते. म्हणून तो जिथे कमिशन जास्त तिथले पत्रक पुढे करतो. यात नवल काही नाही, दलाल हा दलालच. मात्र पैसे घेऊन परवान्याचा अर्ज भरणाऱ्या सल्लागाराकडे तिथल्या सल्लागार परिषदेचे लायसन्स लागते, किंवा तो तिथला वकील असावा लागतो. लायसन्सचा नंबर मागावा, तो परिषदेच्या यादीत पाहता येतो. संस्थेचा सरकारमान्य डी.एल.आय. क्रमांकही तसाच तपासावा. ओंटारिओच्या विद्यापीठांत पदवीसाठीचे अर्ज गेल्फ गावच्या ओ.यू.ए.सी. या एकाच केंद्रातून जातात आणि मुलगा ते घरी बसून भरू शकतो. वर्ग सप्टेंबरमध्ये भरतात, पण अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात करावे लागतात. म्हणजे बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्याला त्या वर्षी बहुधा फक्त कॉलेजचे डिप्लोमेच उघडे सापडतात.